‘मनन’ वाचायचं कसं?

प्रश्न : रोज सकाळी चर्चची त्या दिवसाची बायबलमधली वाचनं येतात. पहिलं वाचन, प्रतिसाद स्तोत्र, शुभवर्तमान आणि खाली दहा-बारा ओळींचा मजकूर. त्यावर कुणी ‘मनन’ लिहितं, कुणी ‘चिंतन’, कुणी ‘बोध’. तिन्ही एकच का? शिवाय ‘आजचं मनन वाचलंत का?’ हे मला खटकतं. मनन करायचं ना, वाचायचं कसं?

— खटकू नये. भाषण, लेखन, प्रवचन हीसुद्धा मुळात क्रियांचीच नावं. तरी भाषण छापून येतं आणि प्रवचनांची पुस्तकं निघतात. मननाचंही तेच झालं. एवढंच की भाषण आपण दुसऱ्याचं ऐकतो. दुसऱ्याचं मनन वाचून आपलं झालं असं वाटायला लागलं, तर तुमची तक्रार खरी.

— ‘बोध’ मी बाजूला काढीन. बोध ‘घेतात’, मनन ‘करतात’. दाखल्याचा बोध एका वाक्यात सांगता येतो, मननाचं तसं नाही. बृहदारण्यक उपनिषदात ‘श्रोतव्यो मन्तव्यो निदिध्यासितव्यः’ असा क्रम आहे, म्हणजे आधी ऐकणं, मग ऐकलेलं मनात घोळवणं. 12व्या शतकातल्या गिगो दुसरा या कार्थूसियन (एक ख्रिस्ती संन्यासी संघ) मठाधिपतीनेही शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिल्या तीन वाचन, मनन, प्रार्थना. चौथीला काही जण चिंतन म्हणतात, मला ते पटत नाही. तिथे विचारही थांबतो, म्हणून ‘ध्यान’ बरं.

— घोळवणं मनातच कशाला? बायबलच्या पहिल्या स्तोत्रात ‘रात्रंदिवस मनन’ करणारा माणूस आहे. तिथलं हिब्रू क्रियापद ‘हागा’, म्हणजे पुटपुटणं. बायबलमधल्याच यशया 31:4 मध्ये सिंह शिकारीवर गुरगुरतो आणि 38:14 मध्ये पारवा घुमतो, तिथेही हेच क्रियापद. म्हणजे हे मनन ओठांनी करायचं! माझी आजी तसंच वाचायची. ओळीखाली बोट, ओठ हलताहेत. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ इथे आली की ‘उणे’वर बोट थांबायचं. उणे... उणे पडणार नाही... काही उणे... पुढची ओळ यायला बराच वेळ लागायचा. लहानपणी मला वाटायचं, तिला पुढचं अक्षर लागत नाही.

— यालाच जुन्या ख्रिस्ती मठांत लॅटिनमध्ये ‘रुमिनातिओ’ म्हणत, म्हणजे रवंथ. आपल्याकडे ‘त्याच त्या गोष्टीचा रवंथ’ म्हटलं की कंटाळा, पण इथे तो शब्द चोख बसतो. बायबलमधल्या लेवीय 11 मध्ये शुद्ध, म्हणजे खायला चालणाऱ्या, पशूच्या खुणांत रवंथ करणं आहेच.

प्रश्नकर्ता : आणि चिंतन?

— ‘चिंत्’ हा धातू. चिंता त्याच घरातली. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातला ‘चिंता करू नका’ हा उतारा आणि खाली ठळक अक्षरांत ‘चिंतन’, असं छापलेलं पाहिलंय, हसू आलं. चूक नाही त्यात. एखाद्या विषयावर सलग विचार मांडला असेल, तर चिंतन योग्यच. प्रेमावर, क्षमेवर चिंतन होतं. मननाला मात्र समोर एक ओळ लागते.

प्रश्नकर्ता : उद्याचा मजकूर मलाच लिहायचा आहे. काय शीर्षक देऊ?

— ‘मनन’ द्या. वर शुभवर्तमानातली एकच ओळ मोठ्या अक्षरांत, आणि खाली तुमच्या ओळी बारा नकोत, चार पुरेत.