रॉलिंग्ज नुसता साथीदार नाही
अमेरिकन लोकसंगीताच्या वळणाची गाणी गाणाऱ्या गिलियन वेल्चबद्दल एकांनी लिहिलंय की ती एकटी गायिका आणि डेव्हिड रॉलिंग्ज तिचा गिटारवाला. मला हे पटत नाही. सुरुवातीच्या अल्बमांवर नाव एकटीचं असलं, तरी गाणी दोघं मिळून लिहितात. ही जोडीच आहे.

गिलियन लॉस एंजेलिसमध्ये वाढली. तिचे आईवडील टीव्हीवरच्या कॅरल बर्नेट शोसाठी संगीत लिहायचे. अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागातल्या स्टॅनली ब्रदर्स या भावांच्या जोडीची गाणी मात्र तिच्या कानावर पडली ती कॉलेजात, आणि त्यांनी तिला झपाटलंच. रॉलिंग्ज भेटला बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात. मग दोघांनी कंट्री संगीताचं शहर नॅशव्हिल गाठलं आणि 1996 मध्ये पहिला अल्बम आला.

आता रॉलिंग्जची गिटार ऐका. 1935 ची छोटीशी एपिफोन ऑलिंपिक, तेव्हाच्या स्वस्तातल्या वाद्यांपैकी. आवाज कोरडा, टोकदार. गिलियन खालच्या तारांवर संथ ठेका धरते आणि हा वरच्या पट्टीत तिच्या ओळींच्या फटींतून सरकत जातो. मुद्दाम बेसूर वाटेल अशा स्वरावर क्षणभर थांबतो, आणि मग असा सुटतो की अंगावर काटा येतो! गळ्यांचंही तेच. हेडफोन लावूनसुद्धा कधीकधी दोन आवाज वेगळे काढता येत नाहीत.

मार्च 2020 च्या टॉर्नेडोत, म्हणजे जमिनीवरच्या भोवऱ्यासारख्या वादळात, त्यांच्या नॅशव्हिलमधल्या वुडलँड स्टुडिओचं छप्पर उडालं. दोघांनी भर पावसात, अंधारात मूळ टेप्स बाहेर काढल्या. 2024 च्या अल्बमला त्यांनी स्टुडिओचंच नाव दिलं, आणि त्यावर नावं दोघांची आहेत.