मदत हवी आहे: टार्गेटसाठी उचललेला औषधांचा माल कुठे काढू? (सोलापूर)

मंगळवेढ्याचा_पोरगा
नमस्कार. सोलापुरात नवीन आहे, सात महिने झाले. एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. मार्चच्या क्लोजिंगला विक्रीचं टार्गेट भरत नव्हतं. साहेब म्हणाले, सध्या तू स्वतःच्या पैशाने माल उचल, एप्रिलमध्ये परत घेऊ. ३८ हजारांचा माल उचलला. आता साहेब फोन घेत नाहीत, स्टॉकिस्ट (कंपनीचा घाऊक विक्रेता) रिटर्न घेत नाही. तीन महिन्यांचा टीए-डीए (प्रवास आणि दैनिक भत्ता) पण अडकलाय. कमी भावात का होईना, हा माल घेणारं कुणी माहीत आहे का? लवकर सांगा. पैसे आईच्या बचत गटातून काढलेत, सोमवारी हप्ता आहे.

जुना_एमआर
बिल कुणाच्या नावावर फाडलं ते आधी सांग. लायसन नसलेल्या माणसाला स्टॉकिस्ट औषधांचं बिल देत नाही. २२ वर्षं या लाइनीत काढली मी. मार्चला हे दरवर्षी होतं. कंपनीच्या वहीत विक्री दिसते आणि माल नव्या पोराच्या खोलीत पडून राहतो. साहेबाने लेखी काही दिलंय का?

चाटीगल्ली
राजीनामा दे आणि मोकळा हो. माझा भाचा असाच वैतागला होता, आता चिंचोळी एमआयडीसीत लॅबला लागलाय, पगार वेळेवर. तुझं शिक्षण काय? बी.एस्सी. केमिस्ट्री असेल तर तिकडेच बघ.

मंगळवेढ्याचा_पोरगा
बी.एस्सी. आहे, पण प्रश्न मालाचा आहे. बिल ओळखीच्या एका मेडिकलवाल्या काकांच्या नावावर आहे. बोलणं सगळं फोनवरच झालं.

काउंटरवरची_ताई
माल आत्ता कुठे आहे? आणि त्यात काय काय आहे?

मंगळवेढ्याचा_पोरगा
खोलीवर. कॉटखाली आणि दाराशेजारी. कॅल्शियमचं सिरप, ॲसिडिटीचं पॅन्टोप्राझोल, सेफिक्झिम २०० या अँटिबायोटिकच्या गोळ्या. पत्र्याची खोली आहे, दुपारी आत बसवत नाही, म्हणून खोक्यांवर ओलं पोतं टाकतो. काल सिरपचं एक खोकं बुडाला चिकट लागलं, मुंग्या लागल्यात.

काउंटरवरची_ताई
पोतं आत्ताच्या आत्ता काढ. पुठ्ठा ओल धरतो, बॅच नंबर पुसला गेला की रिटर्नचा विषयच संपला. आणि कुणालाही एक स्ट्रिपसुद्धा विकू नकोस. १९४० च्या औषध कायद्यात लायसनशिवाय विकणं गुन्हा आहे आणि विकण्यासाठी साठवणंही. आज तू फसवला गेलेला पोरगा आहेस. पहिली स्ट्रिप विकलीस की गुन्हेगार होशील.
दुसरं, सेफिक्झिम शेड्यूल एच-वन मध्ये येतं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या कडक यादीत. ते विकताना डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरला लिहावं लागतं, ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. उद्या इन्स्पेक्टरने काकांना विचारलं, बिलावरच्या गोळ्या कुठे गेल्या, तर ते काय दाखवणार? तू त्यांनाही अडकवलंयस, कळत नकळत.

होटगी_रोड
मुळात हे ब्रँडचं खूळच बंद व्हायला हवं. जनऔषधीत तीच गोळी किती स्वस्त मिळते बघा. डॉक्टरांना भेटी वाटून वाटून औषधं महाग केलीत या लोकांनी.

डॉ_सातरस्ता
सरसकट बोलू नका. औषध कंपन्यांसाठीच्या मार्च २०२४ च्या आचारसंहितेनुसार आम्हाला वैयक्तिक भेटवस्तू देता येत नाहीत. सॅम्पललाही मर्यादा आहे: एका औषधाची वर्षाला १२ पाकिटं, प्रत्येकात जास्तीत जास्त तीन पेशंटच्या कोर्सपुरता डोस. माझ्या ओपीडीबाहेर ही पोरं उन्हात दोन-दोन तास उभी असतात, त्यांच्यावर राग काढून काय मिळणार?

होटगी_रोड
राग पोरांवर नाही डॉक्टरसाहेब. पण संहिता कागदावर आहे आणि माझ्या वडिलांच्या शुगरचं बिल खिशातून जातं.

जुना_एमआर
तो वाद नंतर घाला, पोराचा सोमवार जवळ आलाय. हे बघ, माल मेडिकलच्या नावावर आहे, म्हणून रिटर्न तुला मिळणार नाही, मेडिकलला मिळेल. काकांच्या शिक्क्याची रिटर्न नोट (माल परत करत असल्याची चिठ्ठी) लागेल, बिल नंबर, बॅच आणि एक्सपायरीसकट. फुटलेलं खोकं वेगळं दाखव, लपवू नकोस. क्रेडिट नोट, म्हणजे परत केलेल्या मालाची रक्कम, मेडिकलच्या खात्यात येईल, तेव्हा काका तुला पैसे कसे देणार ते आजच ठरव. सोमवारचा हप्ता यातून निघेल असं मी म्हणणार नाही, गटाच्या अध्यक्षबाईंना आईने आधीच सांगितलेलं बरं.
आणि तुला नेमणूकपत्र मिळालंय का?

मंगळवेढ्याचा_पोरगा
नाही. ऑफर लेटर मेलवर आलं होतं. नेमणूकपत्र सहा महिन्यांनी देऊ म्हणाले होते.

जुना_एमआर
वाटलंच. आपल्या लोकांसाठी १९७६ साली खास कायदा झाला, त्यात नेमणूकपत्र सक्तीचं केलं. आताच्या श्रमसंहितेतही ते सक्तीचंच आहे. ऑफर लेटर, पगाराची बँक एंट्री, टूर प्रोग्रॅम, रोजचे रिपोर्ट यांचे फोटो आजच काढून ठेव. रिपोर्टिंगचं ॲप एकदा बंद केलं की हातात काही राहत नाही. मग साहेबाला आणि एचआरला एकच मेल टाक: कोणत्या तारखेला, किती रुपयांचा माल, कुणाच्या सांगण्यावरून उचलला. शिव्या नकोत, विनंती नको, तारखा हव्यात.

चाटीगल्ली
मेलने काही होत नाही. सरळ लेबर ऑफिस गाठ.

जुना_एमआर
ऑफिसात पहिला प्रश्न हाच येतो, कंपनीला कळवलं का? मेल आधी.

मंगळवेढ्याचा_पोरगा
काकांना फोन केला. आधी खूप बोलले, मग म्हणाले रात्री दुकान बंद करायच्या आत घेऊन ये. पोतं काढलं. सिरपच्या चार बाटल्या गेल्यात, बाकी कोरडं आहे. ताई, खरंच हे विकायचं नसतं हे माहीत नव्हतं. आईला अजून सांगितलं नाही.

काउंटरवरची_ताई
आज सांग. हप्त्याच्या दिवशी बायकांसमोर कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे. आणि सेफिक्झिमच्या स्ट्रिपा दुकानात पोचल्या की काकांसमोर मोजून घे.

जुना_एमआर
रिक्षात सिरपची खोकी उभी ठेव. सकाळी साडेदहाला स्टॉकिस्टकडे काकांना घेऊन ये, मीही येतो. नंबर व्यनि (खासगी निरोप) केलाय. बिलाची मूळ प्रत विसरू नकोस.