दुर्बिणीचे आरसे आधीच मोजलेले असताना निर्वात कक्षात पुन्हा चाचणी कशासाठी?

प्रश्न
बेल्जियममधील लिएज विद्यापीठाच्या अवकाश केंद्रात युरोपीय अवकाश संस्थेच्या अनेक दुर्बिणींच्या चाचण्या झाल्या आहेत. मी भौतिकशास्त्राच्या पदवीचा विद्यार्थी आहे. आरसे घडवतानाच अचूक मोजलेले असतील, तर त्यांना पुन्हा प्रचंड निर्वात कक्षात का ठेवावे लागते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
पहिले मोजमाप बहुधा खोलीच्या तापमानाला आणि हवेत झालेले असते. थंड होताना आरसा, त्याची बैठक आणि सांगाडा वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, त्यामुळे सुटे भाग निर्दोष ठरले तरी जोडणीनंतर प्रतिमा बिघडू शकते. मे २००९ मध्ये उडालेल्या ‘प्लांक’ या युरोपीय अवकाश दुर्बिणीच्या काही संवेदकांना निरपेक्ष शून्याच्या (सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअस) केवळ ०.१ अंश वर ठेवायचे होते. त्यासाठीची शीतकांची साखळी २००८ मध्ये लिएजलाच चालवून पाहिली गेली. ‘सोलर ऑर्बिटर’ या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानावरील अतिनील दुर्बिणीची एक तरंगलांबी तर १७.४ नॅनोमीटर आहे. असे किरण हवेत लगेच शोषले जातात, म्हणजे निर्वाताशिवाय त्यांची चाचणीच शक्य नाही.

उत्तर २
वरील उत्तरात गुरुत्वाकर्षण राहून गेले, आणि माझ्या मते खरा कस तिथेच लागतो. ‘एक्सएमएम-न्यूटन’ या युरोपीय अवकाश वेधशाळेच्या प्रत्येक क्ष-किरण दुर्बिणीत एकात एक बसवलेले ५८ नळीसारखे आरसे आहेत, त्यांतला सर्वांत पातळ अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जाडीचा. असा आरसा आडवा धरला की स्वतःच्या वजनानेच वाकतो, मग दिसलेला दोष घडणीचा की वजनाचा हे कळत नाही. म्हणून लिएजमध्ये तो उभा ठेवून तपासण्याची सोय केली गेली.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. हे काम विद्यापीठाकडे असण्याचा काही विशेष लाभ आहे का?

उत्तर ३
उपकरण घडवणारे आणि तपासणारे शेजारी बसतात, हा मोठाच लाभ आहे. ५ डिसेंबर २०२४ रोजी इस्रोच्या पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून ‘प्रोबा-३’ या युरोपीय मोहिमेतील दोन यानांची जोडी नेली. एक यान १.४ मीटरच्या तबकडीने सूर्य झाकते आणि सुमारे १५० मीटर मागचे दुसरे यान सूर्याभोवतीचे प्रभामंडळ टिपते. ते टिपणारे उपकरण याच केंद्राच्या नेतृत्वाखाली घडले. आपण पुण्याजवळ असाल तर आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेत अवश्य जावे; आदित्य-एल१ या भारताच्या सूर्यवेधी यानावरील ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण तिथल्या गटाच्या पुढाकाराने साकारली आहे, आणि अशा चाचण्यांविषयी त्यांच्याकडून प्रत्यक्ष ऐकता येईल.