‘वर्षभर हात लावला नाही तर काढून टाका’: आमच्या दहा बाय आठच्या खोलीला हा नियम लागत नाही

वडगावचा माग
कालची पोस्ट वाचल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. घरातलं ऑफिस एका रविवारात कसं मोकळं केलं ते त्यात आहे. वर्षभर हात न लावलेली वस्तू बाहेर, कागद सगळे स्कॅन करून रद्दीत, आणि हातात घेऊन आनंद वाटला नाही तर तिला निरोप.

माझं ऑफिस म्हणजे बेळगावच्या वडगावातल्या जुन्या घरातली दहा बाय आठची खोली. तिथं बाबांचा खड्ड्याचा हातमाग होता. खड्डा बुजवून फरशी घातली, तरी पावसाळ्यात नेमक्या तेवढ्याच चौकोनात ओल उमटते. आता तिथं टेबल, प्रिंटर, बंद पडलेले दोन यूपीएस आणि आजोबांची पत्र्याची ट्रंक. खुर्ची मागं सरली की ट्रंकेवर आदळते. अडचण होते, मान्य.

त्या ट्रंकेला पंधरा वर्षं कुणी हात लावला नव्हता. मग शेताच्या वाटणीचा विषय निघाला आणि कळलं की उताऱ्यावर आजोबांचं आडनावच वेगळं आहे. हातानं लिहिलेल्या पहाणीवरून, म्हणजे जुन्या उताऱ्यावरून, कॉम्प्युटरवर चढवताना कुणाचं तरी एक अक्षर चुकलं होतं. चार महिने कचेरीत हेलपाटे. शेवटी ट्रंकेच्या तळाला, मेणकापडात गुंडाळलेलं १९५१ चं खरेदीखत निघालं. मुंबई राज्याच्या वेळचं, खाली आजोबांची थरथरती सही. काम त्यावर झालं. पंधरा वर्षांत त्या कागदानं कुणाला आनंद दिला नव्हता.

दुसरं रेल्वे गेट
ती पोस्ट माझी. खरेदीखत रद्दीत घाला असं मी कुठं म्हटलंय ओ? एका खताच्या आडून तुम्ही दोन मेलेले यूपीएससुद्धा वाचवताय.

मी हे शिकलो ते ऑगस्ट २०१९ मध्ये. आमच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी होतं. वडिलांच्या धंद्याच्या चाळीस वर्षांच्या फाइली खालच्या रॅकवर. पाणी उतरल्यावर फाइल उचलायला गेलो तर पुठ्ठा हातात आला आणि कागद तिथंच राहिले. त्याच्या आदल्या दिवाळीत कंटाळा करत करत तीनेकशे पानं स्कॅन केली होती, तेवढीच आज आहेत. वडील आठ दिवस जेवले नाहीत नीट. तुमच्या ट्रंकेखाली ओल येते असं तुम्हीच लिहिलंय. मग राखताय काय?

वडगावचा माग
तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण तुमचे शब्द ‘कागद सगळे’ असेच आहेत, वर जाऊन बघा.

कोर्टाजवळचा चहा
तीस वर्षांपूर्वीचा मूळ दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढं आला, तर त्यावरची सही-अक्षर खरं आहे असं कोर्ट गृहीत धरू शकतं. पूर्वी पुरावा कायद्यात कलम ९० होतं, १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे. स्कॅन दाखवायचा तर वेगळं प्रमाणपत्र जोडा, समोरच्यानं हरकत घेतली की त्यावर वाद घाला. स्कॅन जरूर करा, पण मूळ कागदाला धक्का लावू नका.

दुसरं रेल्वे गेट
नोंदणी झालेल्या खताची नक्कल सब-रजिस्ट्रारकडं मिळते की.

कोर्टाजवळचा चहा
मिळते. मागताना दस्ताचा नंबर आणि साल सांगितलं तर लवकर मिळते, नाहीतर शोध घेत बसावं लागतं. ते नंबर-साल कुठं लिहिलेलं असतं? त्याच ट्रंकेतल्या कागदावर.

हिशेबनीस, शहापूर
सगळ्याच कागदांना खरेदीखत समजू नका. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचे, अपील किंवा चौकशी चालू असेल तर आणखी. पंचवीस वर्षांपूर्वीची लाइट बिलं आणि बंद खात्यांची चेकबुकं माझ्याकडं लोक पिशवीतून आणतात. थर्मल कागदाच्या पावत्या तर कोऱ्या झालेल्या असतात, त्या कोऱ्या चिठ्ठ्याही जपलेल्या! जागा तिथं अडते.

निपाणीहून
मुद्द्याचं कुणीच बोलत नाही. आमच्याकडं पणजोबांचे मोडीतले कागद आहेत, घरात एकालाही वाचता येत नाहीत. माझा पोरगा इंग्रजी शाळेत, दुसरी भाषा कानडी. त्याला साधी मराठी पाटी अडखळत वाचावी लागते. हे सगळं राखायचं ते कुणासाठी?

वडगावचा माग
मग मराठी शाळेत घालायचा होता. आमच्या गल्लीतल्या शाळेत पोरं मिळेनात म्हणून वर्ग एकत्र करावे लागले. १ नोव्हेंबरला सीमाप्रश्नाचा काळा दिवस पाळायचा आणि जूनमध्ये पोराला इंग्रजीत घालायचं, हे मला पटत नाही.

निपाणीहून
तुमची पोरं कुठं शिकली ते सांगा आधी. माझ्या पोराला नोकरी कोण देणार? सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याचं वय त्या दाव्यापेक्षा कमी आहे. त्याला आज उतारा कानडीत मिळतो, नोटीस कानडीत येते. वाचता नको यायला?

दुसरं रेल्वे गेट
कानडी यायलाच पाहिजे. चार पिढ्या इथं राहून अर्ज लिहायला दुसऱ्याचे पाय धरायचे, ही पण लाजच आहे.

वडगावचा माग
कानडी मला येतं, कचेरीत मीच बोललो. कानडीनं मराठी कशी सुटते ते मला कळत नाही. माझी थोरली मराठी शाळेत शिकली, धाकटा इंग्रजीत. धाकट्याच्या वेळी माझी हिंमत झाली नाही. बोललो ते तुमच्याइतकंच मला लागू आहे. शब्द मागं घेतो.

शहापूरची सून
इतका वेळ वाचतेय. ट्रंक झाली, कोर्ट झालं, शाळा झाल्या. त्या खोलीत झाडू कोण मारतं हे एकानंही विचारलं नाही. फायली सरकवून कसर झाडायची, जूनच्या आधी डांबरगोळ्या टाकायच्या, आणि लेकीनं अभ्यास स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला करायचा, कारण ‘ऑफिसातलं काही हलवू नका’.

सासरे गेल्यावर त्यांची खोली मी उपसली. एका रविवारात नाही, रात्री जेवणं उरकल्यावर, दीड महिना. एकेक कागद वाचला. ज्यावर सर्व्हे नंबर, सही किंवा शिक्का, तो एका बाजूला. बाकी दोन पोती रद्दी निघाली. पंचांगात कांजीवरम नेसलेल्या एका बाईचं चित्र घडी घालून ठेवलेलं मिळालं, मागं सासूबाईंचं नाव. ते कुठल्याच ढिगात बसेना, माझ्या कपाटात ठेवलं. न वाचता टाकणं आणि न वाचता साठवणं, दोन्ही सारखंच आळशी काम आहे. आणि घर आवरायला शिकवणाऱ्या ज्या जपानी मारी कोंडोचं ऐकून पुरुष मंडळी आनंद शोधतायत, त्यांनी २०२३ मध्ये स्वतःच सांगितलं की तिसऱ्या मुलानंतर घर आवरण्याचा आग्रह सैल झाला.

दुसरं रेल्वे गेट
ताई, वाचून काढायचं हे बरोबर. मी पोस्टमध्ये ‘सगळे’ हा शब्द बदलतो. पण वर्षाचा नियम नसेल तर आमच्यासारखे लोक सुरूच करत नाहीत, हेही लिहून ठेवा.

वडगावचा माग
शहापूरच्या ताईंचं वाचून आज दुपारी बसलो. यूपीएस दोन्ही बॅटरीवाल्याकडं दिले, जुन्या बॅटऱ्यांचे पैसे वजनावर मिळाले. प्रिंटरचे रिकामे खोके, सात वर्षांच्या मागची कुरियरची बुकं गेली. ट्रंक विटांवर चढवली, भिंतीपासून चार बोटं लांब.

एक वस्तू दोनदा रद्दीत टाकून दोनदा उचलली. बाबांचा धोटा, मागावर आडवा धागा नेणारा. टोकांचं पितळ काळं पडलंय, आत अर्ध्या कांडीवर हिरवा धागा तसाच आहे. माग विकला तेव्हा ती साडी अर्धी राहिली होती. धोटा टेबलावर आहे. जागा फार घेत नाही.

ट्रंकेत मोडीचे अकरा कागद निघाले. कुणाला वाचता येतात काय?

कोर्टाजवळचा चहा
आमचे मामा वाचतात, टिळकवाडीत. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, सकाळच्या उजेडातच बसतात. निपाणीकरांनीही आपले आणावेत.

दुसरं रेल्वे गेट
फोटो काढून पाठवा की, मोठे करून वाचतील.

वडगावचा माग
फोटो पाठवतो. रविवारी मूळ घेऊनही येतो, मेणकापडात.

निपाणीहून
मीपण येतो. पोराला घेऊन.