परदेशात फिरताना पिल्लांना काय भरवलंत? अनुभव लिहा

शरयू_ठाणे
काल भाचीचा फोन आला. पुढच्या महिन्यात दीड वर्षाच्या लेकाला घेऊन स्वित्झर्लंडला निघालीये. हॉटेल, रेल्वेपास सगळं झालंय, प्रश्न एकच, "मावशी, हा तिकडे खाईल काय?" मला एकदम आमचं इंटरलाकेन आठवलं. लेक तेव्हा दोनला टेकलेली, दिवसभर बोटी आणि गाई बघून खूश, पण खायला बसवलं की तोंड घट्ट मिटून मान दुसरीकडे. ब्रेड नको, चीज नको, रोश्टी म्हणजे बटाटाच की, तीही नको. त्यात रविवार, गावातली सुपरमार्केटं बंद (स्टेशनातली दुकानं तेवढी उघडी असतात, लक्षात ठेवा). नवऱ्याने तिथून तांदूळ आणि लोणी आणलं, अपार्टमेंटमधल्या बारक्या पातेल्यात मी भात अगदी गुरगुट्या शिजवला आणि वर सासूबाईंनी बांधून दिलेलं मेतकूट. वास आल्याबरोबर पोरगी खुर्चीवर चढली, दोन्ही हातांनी खायला लागली, केसात भात, भुवईवर भात. आणि दुसऱ्या दिवशी तिनेच माझ्या हातातला ब्रेड ओढून घेतला. माझं तर ठाम मत झालंय, दिवसातून एकदा घरचं पोटात गेलं की बाकी वेळा मुलं तिकडचं खातात. भाचीला दाखवायचंय, सगळ्यांनी लिहा.

कुकरची_शिट्टी
थर्मास!!! मोठ्या तोंडाचा स्टीलचा. तांदूळ आणि मूगडाळ धुऊन वाळवून खमंग भाजायची, मिक्सरला रव्याएवढं जाडसर काढायचं, जिरं हळद हिंग मीठ त्यातच. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवून ते फेकायचं, हे विसरायचं नाही, नाहीतर थर्मासच गारठलेला असतो आणि डाळ कच्ची राहते. मग एक वाटी रव्याला पाच वाट्या उकळतं पाणी, झाकण घट्ट, अर्धा पाऊण तास. कुठल्याही बागेत बसून गरम खिचडी. पाणी कॅफेवाले देतात, कडेवर मूल बघून कोणी नाही म्हणत नाही.

शरयू_ठाणे
@कुकरची_शिट्टी हे लगेच भाचीला पाठवते

दादर_ते_ओसाका
जपानला जाणाऱ्यांनो, इथली ट्रॅव्हल केटल नेणार असाल तर आधी तिच्यावर काय लिहिलंय वाचा. तिकडे १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. २३०वाली केटल तिकडे पाचव्या हिश्शापेक्षाही कमी ताकदीने चालते, पाणी नुसतं कोमट होत बसतं आणि मूल भुकेने रडत असतं. तिकडच्या बहुतेक हॉटेलात खोलीत केटल असतेच, ती वापरा. आणि कोन्बिनी, म्हणजे तिकडची चोवीस तास उघडी छोटी दुकानं, आईबापांसाठी देवच, रात्री कधीही जा, ओनिगिरी म्हणजे भाताचा त्रिकोण, केळी, दही, उकडलेली अंडी. नुसत्या मिठाचा ओनिगिरी पण मिळतो, आमच्या चिरंजीवांनी तोच लावून धरला. शाकाहारी असाल तर सूप आणि नूडल्स जपून, त्यांच्या दाशीत, म्हणजे सूपाच्या मूळ पाण्यात, बहुतेक मासा असतो, वरून दिसत नाही.

पावसाळी_चहा
इंटरलाकेनच्या गाई!! त्या घंटा! आम्ही गेलो तेव्हा नुसतं धुकं होतं, वर जाऊन काही दिसलं नाही, तरी परत जायचंय

म्युनिककर_आई
जर्मनीत लहान मुलांचं खाणं शोधायला किराणा दुकानाआधी डीएम नाहीतर रोसमानमध्ये जा, ही औषधाची दुकानं नाहीत, साबण शांपूवाली. तिथे बाटलीबंद खाण्याची अख्खी भिंत असते आणि प्रत्येक बाटलीवर कितव्या महिन्यापासून ते ठळक छापलेलं. गाजर-बटाटा, पास्ता-भाजी. मांस असलेल्या पण खूप असतात तेव्हा चित्र नीट बघून घ्या. किराणा दुकानात मोठ्यांच्या खाण्याच्या फ्रिजमध्ये मिल्शराइस मिळतो, म्हणजे तांदळाची खीर, आणि ग्रीसब्राय म्हणजे रव्याची. साखर असते, पण नडीला उत्तम. माझी आई आली की नातवाला तेच भरवते आणि वर म्हणते वेलदोडा हवा होता.

सातारी_बाणा
म्युनिककर, आई बरोबर बोलतायत 😄

रेवाची_आज्जी
मी डिंकाचे लाडू करून देणार आहे नातीबरोबर, दुबईला चाललेत. चालेल ना?

बॅग_भरो
@रेवाची_आज्जी आज्जी, खसखस घालू नका!! दुबईला खसखशीवर बंदी आहे, सिंगापूरलाही, अमली पदार्थात धरतात. लाडवात असली तरी नको. तसंच युरोपात बाहेरून दूधदुभतं नेता येत नाही, म्हणजे पेढे, पनीर आणि हो, तूपसुद्धा. बाळाची दूध पावडर आणि बाळाचं डबाबंद खाणं २ किलोपर्यंत चालतं, पण सीलबंद हवं. ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडला जे काही खायचं नेताय ते फॉर्मवर लिहा, अगदी राहिलेलं अर्धं सफरचंद पण. न्यूझीलंडला न सांगता सापडलं तर ४०० डॉलर दंड. लिहून दिलं की फार तर काढून घेतात. सिक्युरिटीला १०० मिलीचा नियम बाळाच्या दुधाला, पेजेला नाही, बाहेर काढून दाखवा फक्त.

रेवाची_आज्जी
बरं झालं विचारलं. खसखशीशिवाय करते, खोबरं जास्त घालते. देव तुझं भलं करो.

म्युनिककर_आई
तुपाचं राहिलं, इकडे बुटरश्माल्त्स नावाने कढवलेलं लोणी मिळतं, किंवा बिनमिठाचं लोणी आणून कढवा, दहा मिनिटांत तूप आणि घरभर वास.

कोकणी_मांजर
आम्ही श्रीलंकेला गेलो होतो, मला तर वाटतं पहिल्या ट्रिपला लहान मुलांना घेऊन तिकडेच जावं. सकाळी इंदिअप्पा, म्हणजे आपल्या शेवयाच, नारळाच्या दुधाची पिवळी आमटी जिला ते किरी होदी म्हणतात, डाळीची परिप्पू, नारळाच्या दुधातला किरिबत. मिरची वेगळी ठेवा म्हणून सांगायचं कारण तिखट जबरदस्त. दुपारी शहाळं. म्हशीचं दही मातीच्या मडक्यात, वर ताडाचा पाक, आमचा गुंड्या मडकं सोडेना. लेकाला माशाची गोडी तिथेच लागली आणि आता मुंबईला सुरमई शिवाय जेवत नाही, परवा बाजारात गेले तर भाव ऐकून

सातारी_बाणा
सुरमईचं नाव नको काढू, श्रावण चालू आहे

निशाचर_बाबा
आमची लेक बँकॉकला जेवलीच नाही, नुसतं दूध आणि केळं. बायको रडकुंडीला. डॉक्टरांना इथे फोन केला, म्हणाले पाणी पितेय का, शू होतेय का, खेळतेय का, मग भरवायच्या मागे लागू नका. मोठा आधार वाटला तेव्हा. तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या नाश्त्याला तांदळाची पेज दिसली, तिकडे ती रोजचीच असते, शाकाहारी हवी तर आधी विचारून घ्या, डुकराचं मांस घालतात. तिने वाटी पुढे केली. एकच सांगतो, अख्खी द्राक्षं नका देऊ चालत्या गाडीत, उभी चिरून द्या.

शरयू_ठाणे
@निशाचर_बाबा तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा, कळतंय काय झालं असेल.

पावसाळी_चहा
शरयूताई मेतकुटाचं प्रमाण द्या ना

शरयू_ठाणे
सासूबाईंचं: हरभराडाळ एक वाटी, उडीदडाळ आणि तांदूळ अर्धी अर्धी, गहू दोन चमचे, मेथ्या अर्धा चमचा, धणे, जिरं, मोहरी, सुंठ, हिंग, हळद. सगळं वेगवेगळं मंद भाजायचं. मुलांसाठी लाल मिरची नाही. वस्त्रगाळ करायचं, मग घशाला लागत नाही.

पावसाळी_चहा
आजच करते, डाळी आहेत घरात, फक्त सुंठ आणायची