गॅमा कॅमेरा: सोडियम आयोडाइड की सीझेडटी? (किनारपट्टीवरच्या सेंटरसाठी)

मालवणकर_९९एम
सिंधुदुर्गात छोटं सेंटर उभं राहतंय. मुख्य काम टेक्नेशियमचं (रुग्णाला टोचायचं, गॅमा किरण सोडणारं द्रव्य): बोन स्कॅन, डीटीपीए (मूत्रपिंडाचा स्कॅन), थायरॉइड. अधूनमधून आयोडीन-१३१. ते किरण टिपून चित्र काढणाऱ्या गॅमा कॅमेऱ्याची कोटेशनं दोन आहेत, रीफर्बिश्ड सोडियम आयोडाइड कॅमेरा (किरण पडला की चमकणारा क्रिस्टल) आणि नवा सीझेडटी (कॅडमियम झिंक टेल्युराइड हा अर्धवाहक). विक्रेता म्हणतो, सीझेडटीवर स्कॅन निम्म्या वेळात उरकतो आणि दमट हवेचा त्रासही नाही. कितपत खरं?

किरणमापक
निम्म्या वेळाचं सोडा. एलईएचआर कॉलिमेटरमधून (सरळ येणारेच किरण आत सोडणारी शिशाची जाळी, कमी ऊर्जेसाठीची) दहा हजारांत जेमतेम एक-दोन फोटॉन पार होतात. त्यातले नव्वदेक टक्के साडेनऊ मिमीचा सोडियम आयोडाइड आधीच पकडतो, मग सीझेडटी आणखी किती पकडणार? हृदयाच्या खास सीझेडटी कॅमेऱ्याचा वेग मुख्यतः हृदयावर रोखलेल्या कॉलिमेशनमुळे येतो. तो आकडा बोन स्कॅनला लावू नका.

खरा फायदा एनर्जी रिझोल्यूशनचा, म्हणजे फोटॉनची ऊर्जा किती नेमकी मोजली जाते त्याचा; टक्का जितका कमी तितकं चांगलं. सोडियम आयोडाइडमध्ये आधी प्रकाश, मग फोटोकॅथोड, आणि तिथे चारांतला जेमतेम एक प्रकाशकण इलेक्ट्रॉन सोडतो. म्हणून १४० केईव्हीला (टेक्नेशियमच्या फोटॉनची ऊर्जा) ९-१० टक्के. सीझेडटीत थेट विद्युतभार तयार होतो, म्हणून ५-६. विंडो (मोजायच्या ऊर्जेचा पट्टा) आवळून स्कॅटर (शरीरात आपटून दिशा बदललेले फोटॉन) कमी करता येतो. मात्र होल (सीझेडटीतले धन विद्युतभार) वाटेत अडकतात आणि पीकच्या (ऊर्जेच्या आलेखातल्या शिखराच्या) खालच्या बाजूला शेपूट येतं, त्यामुळे विंडो खालून फार आवळली तर खरे काउंटही जातात. आयोडीन-१३१ च्या ३६४ केईव्हीला ५-७ मिमीचा सीझेडटी तोकडा पडतो.

सर्व्हिसवाला_दादा
दमटपणाचं अर्धसत्य आहे. सोडियम आयोडाइड पाणी शोषतो. सील म्हातारं झालं की क्रिस्टलवर गोवरासारखे ठिपके उठतात. रीफर्बिश्ड घेताना कॉलिमेटर काढून, टेक्नेशियमची सिरिंज अडीच मीटरवर, काउंट रेट सेकंदाला २० हजारांखाली ठेवून दोन फ्लड (पूर्ण क्रिस्टलवर सारखे किरण पाडून घेतलेली चित्रं) घ्या: एक १२६-१४० केईव्ही, दुसरा १४०-१५४. खालच्या विंडोत उजळ आणि वरच्यात काळे असे बारीक ठिपके दिसले, तर ओल शिरली. मोठे गोल डाग ट्यूबच्या (क्रिस्टलमागे प्रकाश मोजणाऱ्या फोटोमल्टिप्लायरच्या) जागीच असतील तर गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) बिघडलाय, ट्यूनिंगने जातील. ठिपके जाणार नाहीत.

सीझेडटीवर दव बसलं तर हाय व्होल्टेजमुळे लीकेज वाढतो, पिक्सेल गोंगाट करतात. म्हणजे एसी दोघांनाही लागतोच. लाईट गेल्यावर यूपीएस इलेक्ट्रॉनिक्स सांभाळतो, एसी मात्र बंद पडतो. एसी जनरेटरवर घ्या. तासाला ५ अंशांपेक्षा जास्त चढउतार झाला तर सोडियम आयोडाइड तडकू शकतो. ट्यूबचं हाय व्होल्टेज उतरलं असेल तर परत चढवल्या चढवल्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) करू नका, गेन स्थिर व्हायला वेळ लागतो.

मालवणकर_९९एम
मग एसआयपीएमवाला (ट्यूबऐवजी सिलिकॉनचा प्रकाशमापक असलेला)?

किरणमापक
तो मुख्यतः पेट स्कॅनरमध्ये. चुंबकक्षेत्रात चालतो, पण तापमान बदललं की गेन सरकतो. तुमच्या कामाला सोडियम आयोडाइडच, आणि आयोडीनचं काम वाढणार असेल तर १५.९ मिमी क्रिस्टल मागा. दादांनी सांगितलेले दोन्ही फ्लड विक्रेत्याच्या जागेवर, पैसे देण्याआधी.