मदत हवी आहे: जावा टेस्टमध्ये बाहेरची कॉन्फिग फाईल सापडत नाही (इंटेलिजेत पास, मेव्हनवर फेल)

नमस्कार मंडळी,

अ‍ॅप्लिकेशन जुनं आहे. जावा १७, जेयुनिट ५ (टेस्टची लायब्ररी), मेव्हन (बिल्ड टूल) आणि त्याचे चार-पाच मॉड्यूल. स्प्रिंग फ्रेमवर्क नाही, आणायची परवानगीही नाही. 'सेटिंग्ज' क्लासच्या स्टॅटिक ब्लॉकमध्ये (क्लास पहिल्यांदा वापरताना एकदाच चालणारा कोड) फाईलइनपुटस्ट्रीमने 'कॉन्फिग/अ‍ॅप.प्रॉपर्टीज' उघडली जाते. फाईल मुद्दाम जारबाहेर (बिल्डमधून निघणाऱ्या पॅकेजबाहेर) आहे, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना डेटाबेसचा पत्ता बदलायला नवा बिल्ड मागावा लागत नाही.

इंटेलिजे या एडिटरमधून टेस्ट पास होते, कमांडलाइनवर मेव्हनने चालवली की फाईल सापडत नाही. युजर.डिर (प्रोग्राम ज्या फोल्डरमधून चालतो ते) छापून पाहिलं: इंटेलिजेत प्रोजेक्टचं मूळ फोल्डर, शुअरफायरमध्ये (मेव्हनचं टेस्ट चालवणारं प्लगइन) त्या त्या मॉड्यूलचं. इथवर समजलं. म्हणून पाथ सिस्टिम प्रॉपर्टीतून घेतला आणि ती बिफोरऑलमध्ये (टेस्ट क्लासच्या सुरुवातीला एकदा चालणारी मेथड) सेट केली. आता ही टेस्ट एकटी पास होते, सगळ्यांबरोबर फेल! एरर काय, तर 'सेटिंग्ज'साठी नोक्लासडेफफाउंडएरर. म्हणजे क्लासच मिळत नाही म्हणे, पण तो बिल्डच्या टार्गेट फोल्डरमध्ये ढळढळीत दिसतोय.

फाईलची प्रत टेस्ट रिसोर्सेसमध्येही टाकून पाहिली. फरक शून्य.

प्रतिसाद १

लॉगमध्ये वर जा, आधी कुठेतरी एक्सेप्शनइनइनिशियलायझरएरर असणार. स्टॅटिक ब्लॉक एकदा फुटला की त्या जेव्हीएमपुरता (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या त्या प्रोसेसपुरता) क्लास बाद. पुढे जो त्याला हात लावेल त्याला तुम्हाला दिसतेय ती एरर मिळते. शुअरफायर एरवी मॉड्यूलमधल्या सगळ्या टेस्ट एकाच जेव्हीएममध्ये चालवतं, त्यामुळे तुमच्या बिफोरऑलआधीच दुसऱ्या कुठल्यातरी टेस्टने 'सेटिंग्ज'ला जागं केलंय.

पॉममध्ये (मेव्हनच्या प्रोजेक्ट फाईलमध्ये) शुअरफायरच्या सिस्टिमप्रॉपर्टीव्हेरिएबल्सखाली पाथ द्या, म्हणजे तो टेस्ट सुरू व्हायच्या आधीच ठरतो. मूळ फोल्डरसाठी मेव्हन.मल्टिमॉड्यूलप्रोजेक्टडिरेक्टरी वापरा, पण तिथे '.एमव्हीएन' फोल्डर हवं. नाहीतर मॉड्यूलमध्ये शिरून कमांड दिली की पाथ पुन्हा हुकेल. रीयूझफोर्क्स (तीच जेव्हीएम पुन्हा वापरायचा पर्याय) बंद करूनही भागेल, पण मग प्रत्येक टेस्ट क्लासला नवी जेव्हीएम, बिल्ड रांगत बसेल.

आणि फाईलइनपुटस्ट्रीम क्लासपाथ (जावा जिथे क्लास आणि रिसोर्सेस शोधतं त्या जागा) बघतच नाही, त्यामुळे त्या प्रतीचा उपयोग नव्हताच.

प्रतिसाद २

पॉमवाला उपाय चालेल, पण टेस्टने खरी कॉन्फिग वाचावीच कशाला? उद्या कोणीतरी त्यात प्रॉडक्शनचा पत्ता ठेवून टेस्ट चालवेल आणि टेबलं रिकामी होतील. 'सेटिंग्ज'च्या कन्स्ट्रक्टरला पाथ द्या. टेस्टमध्ये जेयुनिटचं टेम्पडिर (टेस्टपुरतं तात्पुरतं फोल्डर) घेऊन हव्या तेवढ्या दोन-तीन ओळींची फाईल तिथेच लिहा.

जाता जाता: प्रॉपर्टीजमध्ये मराठी मजकूर असेल तर इनपुटस्ट्रीमने लोड करू नका. तो लॅटिन-१ समजून वाचला जातो आणि अक्षरांचा भुगा होतो. फाइल्स.न्यूबफर्डरीडर द्या, तो यूटीएफ-८ धरतो.

धागाकर्ता

वर खरंच इनिशियलायझरची एरर निघाली! पॉमचा बदल लावला, सगळ्या टेस्ट पास. कन्स्ट्रक्टरचं पटतंय, पण 'सेटिंग्ज'च्या स्टॅटिक मेथड सगळ्या मॉड्यूलमध्ये पसरल्यात. एका दमात काढणं शक्य नाही.

प्रतिसाद २

काढू नका. त्या मेथड तशाच ठेवा, फक्त आतून एका ऑब्जेक्टला विचारू द्या आणि तो ऑब्जेक्ट पहिल्या वापराच्या वेळी बनवा. नवीन कोडला मात्र थेट ऑब्जेक्टच द्या.